बंद करून चालू करा

...नाही पण मला एक सांगा, माणसानं बायकोचं ऐकावं की ऐकू नये? तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षं ऐकलं नाही, काही म्हणता काही बिघडलं नाही, आणि परवा सकाळी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं... तर हे बघा, इथे बाकड्यावर बसलोय!

मी लिफ्टचा मेकॅनिक. दुसऱ्यांच्या बिल्डिंगमध्ये जाऊन ओरडतो, 'दर महिन्याला तेलपाणी करा हो, नाहीतर अडकाल मध्येच!' आणि माझा मोबाइल? काचेला तडा, चार्जिंग पाच टक्के, पासवर्ड एक-दोन-तीन-चार. आणि आमच्या हिनं सत्तावीस वर्षं कचेरीतले कॉम्प्युटर सांभाळलेले! दिवसभर टकळी चालू... 'अहो, अपडेट आलंय, ते करा. अहो, एक-दोन-तीन-चार हा काय पासवर्ड झाला? अहो, फोटोंची कॉपी दुसरीकडे ठेवा. आणि अडकला की बडवू नका हो त्याला, एकदा बंद करून चालू करा!' जेवताना बंद करून चालू करा, झोपताना बंद करून चालू करा... मी म्हणायचो, करतो गं नंतर.

परवा नऊ वाजता तिच्या हातातून कप पडला. बघतो तर तोंड वाकडं, आणि बोलायला जाते तर नुसता घशातून आवाज. टाकली गाडीत, आणली इथे. डॉक्टर म्हणाले, 'काका, मेंदूत गुठळी आहे. ती विरघळायचं इंजेक्शन आहे, पण रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ते देता येत नाही, आत रक्तस्राव होईल. कुठल्या गोळ्या घेतात या?'

आता... एक पांढरी घेते. एक गुलाबी. अहो, शहरातल्या कुठल्याही लिफ्टच्या मोटरचा नंबर विचारा, झोपेत सांगीन! बायकोची गोळी? मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टर म्हणतात, 'रक्त तपासायला पाठवलंय, पण तुम्ही सांगितलंत तर वेळ वाचेल. वेळच नाहीये आपल्याकडे.'

तेवढ्यात आठवलं, ही सगळं स्वतःच्या मोबाइलमध्ये लिहून ठेवते! तिचं बोट उचललं... गार पडलं होतं हो... लावलं मोबाइलला आणि उघडला की! मी आपला घाईघाईत इथे दाब, तिथे दाब, तर पठ्ठ्या अडकला. हलेना. बडवणार होतो, देवाशपथ, हात वर गेला होता. पण मनात म्हटलं, थांब, आज तरी तिचं ऐक. बंद करून चालू करा!

केला. आणि चालू झाल्यावर मोबाइल काय म्हणावा? 'पुन्हा सुरू केल्यावर पासवर्ड आवश्यक आहे.' बोट चालणार नाही म्हणे! आता पासवर्ड कोण सांगणार? तिचा जन्मदिवस टाकला. माझा टाकला. लग्नाची तारीख टाकली, ती मलाच दोनदा आठवावी लागली. मग तो म्हणाला, तीस सेकंद थांबा. मग म्हणाला, पाच मिनिटं थांबा. मी पुन्हा बंद केला, पुन्हा चालू केला... दुसरं येतंय काय मला!

पंचवीस मिनिटं गेली. मग नर्सबाई आल्या, म्हणाल्या, 'काय करताय काका? द्या इकडे.' खाली 'इमर्जन्सी' असं लिहिलेलं असतं ना, ते दाबलं. बस्स! पासवर्ड नाही, बोट नाही. रक्तगट, दोन गोळ्यांची नावं, आणि खाली स्वच्छ लिहिलेलं... 'रक्त पातळ करायची गोळी चालू नाही.' हे मला तिनं दाखवलं होतं हो. मी टीव्ही बघत हं हं म्हणत होतो.

इंजेक्शन दिलं. डॉक्टर म्हणाले, 'अर्धा तास आधी देता आलं असतं तर...' उजवा हात हलत नाही तिचा. शब्द फुटत नाही. एवढी बोलणारी बाई हो!

तुम्ही विचाराल, मग आत तिच्याजवळ बसायचं सोडून इथे काय करताय? अहो, आत एकालाच सोडतात. आणि मोबाइलमध्ये गोळ्यांच्या खाली लिहिलेलं होतं, 'तातडीच्या वेळी यांना बोलवा.' नर्सबाईंनी लावला फोन. मेहुणी आली, पास तिच्या नावावर झाला... चूक काय त्यात? माझा फोन लागतो कधी?