आठाच्या पोटातला सात

आदरणीय अध्यक्षा मंगलाताई, प्रमुख पाहुणे सराफ्यातले नानासाहेब, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते अच्युतकाका, आणि समोर बसलेले मिलच्या छपाई खात्यातले जुने सोबती, माताभगिनींनो,

मी पंचशील. आपल्या मिलमध्ये बदली कामगार होतो. दहावी झाली नाही, पण अक्षर बरं म्हणून मागचा फलक मी रंगवलाय. ‘हार्दिक’मधली वेलांटी तीनदा तपासली. या खुर्च्याही मीच मांडल्या. काका एका टोकाला, नानासाहेब दुसऱ्या टोकाला, मध्ये मंगलाताई. का, ते इथं सगळ्यांना ठाऊक आहे. चार वर्षं हे दोघं एकमेकांशी बोललेले नाहीत.

माझ्याकडे दोन कागद आहेत. एक हे भाषण. दुसरा खिशात आहे.

काकांनी तीस वर्षं कापड छापायच्या तांब्याच्या रोलरवर नक्षी कोरली. इंदूरच्या किती बायकांच्या अंगावर त्यांची फुलं होती, कोण मोजणार? पण त्यांचा जीव होता अमेरिकेच्या जुन्या सोन्याच्या नाण्यांत. हसू नका, रामभाऊ! कुठल्या काळी व्यापारात आलेली ती नाणी, कडी लावून इथल्या बायकांच्या गळ्यात गेली. हार मोडायला आला की नानासाहेब निरोप धाडायचे, “वितळवायच्या आधी बघून जा भिया.” मग काका भिंग घेऊन राजवाड्यावरून पायी निघायचे. काकूंच्या पाटल्या वजनाला वजन देऊन तीन नाणी घेतली होती. काकू म्हणायच्या, “माझ्या हातातलं उतरवलं आणि परक्या बाईला डबीत बसवलं!” नाण्यावर टोपीवाली बाई असते ना, ती.

एकाच सालाचं दुसरं नाणं काका घेत नसत. साचा वेगळा असेल तरच. मी एकदा विचारलं, साल एक तर साचा वेगळा कसा? म्हणाले, “अठराशे सातचा साचा पडून राहिला. पोलादाचा, टाकणार कसा? त्यातल्या सातवरच आठ ठोकला. आपण रोलरवर फूल बिघडलं की त्याचंच पान करतो ना, तसं.” त्या आठाच्या पोटात सात दिसतो म्हणे. मला हे त्यांनी सांगितलं, पण उशिरा सांगितलं.

थोडं पाणी घेतो.

हो मंगलाताई, घंटा ऐकली. येतो मुद्द्यावर.

ब्याण्णव साल. मिलचं फाटक बंद, आम्ही रोज जाऊन नुसते उभे राहायचो. त्या आठवड्यात नानासाहेबांकडे अकरा नाण्यांचा हार आला. काकांनी सगळी नाणी पाहिली आणि घरी जाऊन यादी केली. कुठलं ठेवायचं, कुठलं नको. शाई फुटली होती, म्हणून मला म्हणाले, “पंचशील, साफ उतरवून दुकानात देऊन ये.”

त्या यादीत लिहिलं होतं, ‘१८०८, नको’. आणि खाली, ‘१८०८/७, ठेवा’.

मला वाटलं, काकांचा हात घसरला. तिरकी रेघ आणि सात मी गाळले. मग १८०८ दोनदा झालं. एकच नोंद दोनदा कशाला? वरची ठेवली, खालची सोडली. शुद्ध, स्वच्छ यादी दिली. नानासाहेबांनी ‘नको’ वाचून १८०८ची दोन्ही नाणी मुशीत टाकली.

मंगळवारी काका दुकानात गेले. “मी ठेवायला सांगितलं होतं, नाना.” “चिठ्ठीत नको होतं, अच्युत.” “दाखव चिठ्ठी.” ती तर त्याच दिवशी भट्टीत गेली होती. काका म्हणाले, “सोन्यासाठी खोटं बोललास.” नानासाहेब म्हणाले, “माझ्या पायरीवर पुन्हा येऊ नकोस.” मी त्या पायरीवरच उभा होतो. सगळं कळत होतं. मी पायरी उतरून घरी आलो. नंतर रोज वाटायचं, उद्या सांगू. आता उद्या काका नागपूरला लेकीकडे कायमचे चालले.

हा तो दुसरा कागद. काकांच्या हातची मूळ यादी. चार वर्षं मी ती फाडली नाही, दाखवलीही नाही. मंगलाताई, टेबलावर ठेवतो. नानासाहेब खोटं बोलले नव्हते. काकाही नाही. खोटा मी.

... काका, बसा ना, मी आणून देतो. भिंग कशाला, अक्षर तुमचंच आहे.

काय म्हणालात? मागं ऐकू आलं नसेल, मी सांगतो. काका म्हणतायत, “नाना, इकडे ये, सात बघ.” आणि नानासाहेब उठलेत. मंगलाताई, तुमची खुर्ची जरा... हं.

मला पुढचं वाचता येत नाही. आभाराची नावं कागदावर आहेत, सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्यात कुठे चुकलो असेन तर पोटात घाला. यादीतल्या चुकीची माफी मात्र मी त्या दोघांकडे मागतो, आणि ती आज मिळाली नाही तरी चालेल. त्यांचं बोलणं आधी होऊ द्या.