करंगळी बाहेर

—अरे नाही, असा नाही हात मिळवायचा. करंगळी कशाला दुमडलीस? ती खूण आपल्या फ्रॅटर्निटीतली, कॉलेजच्या या घरात राहिलेल्या भावाभावांतली. बाहेर कुणाला असा हात दिलास तर त्याला वाटेल, पोराच्या बोटाला काहीतरी झालंय. परत दे. हां, साधा हात, करंगळी बाहेर. बस आता. टकर नोवॉटनी, चौथं वर्ष, शेतकी — बरोबर ना? मी व्हर्न टीडमन. तो भिंतीवरचा फोटो बघ, चौऱ्याऐंशी सालचा, दुसरी रांग, डावीकडून चौथा. हो, तो मीच, केसांसकट. हसून घे, सगळेच हसतात. आणि हे काय रे, वर कोट, टाय, आणि पायात चपला? मुलाखत सरावाची, खोटी असली तरी पाय खरे आहेत ना? समोरचा माणूस आधी पायच बघतो. मी तरी बघतो.

तर पहिला प्रश्न. स्वतःबद्दल सांग — थांब, लगेच सुरू होऊ नकोस. श्वास घे. आणि त्या वासाकडे लक्ष देऊ नकोस, खाली राजम्याची चिली शिजतेय आणि दालचिनीचे रोल आत्ताच आलेत, मॅचला जायच्या आधी सगळ्यांना मिळणार आहेत, कुणी पळवत नाही. तर तुझा हा बायोडेटाचा कागद मी वाचला. चांगला आहे. शाळेत डुकरं पाळलीस, जिल्ह्यात बक्षीस मिळवलंस, या घराच्या स्वयंपाकाची व्यवस्था वर्षभर सांभाळलीस — चाळीस पोरांना वेळेवर जेवायला घालणं म्हणजे खायचं काम नाही, हे ठळक लिही. पण दुसऱ्या वर्षाचं यात काहीच नाही. का? ...नापास? कशात? ...मातीच्या रसायनशास्त्रात. आणि तुला हवीय माती तपासायची नोकरी. छान. अरे, मान खाली कशाला घालतोस? हेच पहिल्या वाक्यात सांगायचं. आपणहून. 'मी एकदा नापास झालो, पुन्हा बसलो, पास झालो.' संपलं. समोरच्याला शोधायला लावलंस तर तो पोलीस होतो, आपणहून सांगितलंस तर तो काका होतो. एकवीस वर्षं मी या खुर्चीत बसून दर होमकमिंगला, जुनी पोरं कॉलेजात परत येतात तेव्हा, हे एकच सांगतोय — जे लपवावंसं वाटतं ते पहिल्या वाक्यात टाकून मोकळं व्हायचं. नऊ पोरं लावलीत मी आमच्या कंपनीत, असंच सांगून सांगून.

काय? टोपीकडे काय बघतोस? हो, जुनीच आहे. मक्याच्या बियाण्याची कंपनी, एकतीस वर्षं झाली, ऊन लागणारच टोपीला. नाव बदललं, बरोबर बोललास, वसंतात मोठ्या कंपनीनं घेतली आम्हाला. नव्या टोप्या निळ्या आहेत. मला मिळाली नाही — म्हणजे मी घेतली नाही. मला निळा शोभत नाही. आर्लीन म्हणते, आर्लीन म्हणजे माझी बायको, ती म्हणते, ही टोपी आता कपाटात ठेव. बायका काय, काहीही म्हणतात. आपण तुझ्याबद्दल बोलत होतो. दुसरा प्रश्न — नाही, पहिल्याचंच तू अजून काही सांगितलं नाहीस. सांग. नाही, आधी एक गंमत ऐक, हात मिळवण्यावरून आठवली.

माझ्या ओळखीचा एक माणूस आहे. आपल्यातलाच, एक भाऊ. वय बासष्ट. या वयात तो मुलाखतीला गेला — शेतकऱ्यांची सहकारी संस्था, तालुक्याच्या गावातली, बियाणं आणि खतं विकतात. एकतीस वर्षांत पहिली मुलाखत. रात्रभर झोप नाही, सकाळी टाय तीनदा बांधला. समोर एक बाई, पस्तिशीची असेल, ब्रेंडा का ब्रायना, नीटनेटकी. ती उठली, हात पुढं केला, आणि या गाढवानं घाबरून काय करावं? करंगळी दुमडली. चाळीस वर्षांची सवय रे, समोर कोट दिसला की बोट आपोआप आत जातं. ती बिचारी माझ्या हाताकडे बघतेय — त्याच्या हाताकडे. मग म्हणते, 'सांधेदुखी आहे का तुम्हाला?' आणि मी हो म्हणालो. तासभर सांधेदुखी असल्यासारखं पेन धरून बसलो. जाताना तिनं माझ्यासाठी दार उघडलं.

...हस. हस मनसोक्त. मलाही आता हसू येतंय. नाही, 'तो' नाही, मीच. पकडलंस. शेतकी शिकतोस की वकिली?

जूनपासून घरी आहे. बासष्ट वर्षांच्या विक्रेत्याला ठेवून नवी कंपनी काय करणार, त्यांच्याकडे फोनवरून बियाणं विकणारी पोरं आहेत. मला राग त्याचा नाही. काढल्याचा फोन कुणी केला माहितीय? केंडल. दोन हजार सहा सालचा केंडल, खाली चिली ढवळतोय ना, पांढरा अ‍ॅप्रन — तोच. याच खुर्चीत बसला होता, तू बसलायस तिथं, आणि टायला केचप लागलं होतं. मीच लावला त्याला कंपनीत. आणि फोनवर पहिल्याच वाक्यात म्हणाला, 'व्हर्न भाऊ, तुमची नोकरी गेली, आणि हे मलाच सांगावं लागतंय.' न घुटमळता, न हवापाण्याच्या गप्पा मारता. इतकं सुंदर सांगितलं रे त्यानं. मी फोन ठेवला आणि पहिला विचार काय आला — पोरगा शिकला. मग बसून रडलो. मक्याच्या शेताच्या कडेला गाडी लावून, चांगला अर्धा तास.

खाली कुणाला बोलू नकोस. त्यांना वाटतं व्हर्न अजून कंपनीत आहे, व्हर्नकडे कागद दिला की काम होतं. सकाळी तिघांनी दिले, मी घेतले, हे बघ खिशात. काय सांगणार? केंडल काही बोलत नाही, त्यानं मला बघून नुसता रोल पुढं केला, आणि मी वर निघून आलो. तेव्हापासून इथंच आहे. तुझ्या आधीच्या पोराची मुलाखत पाऊण तास घेतली, तो बिचारा गणित शिकवणार आहे.

सोमवारी दुसरी फेरी. हो, बोलावलंय परत, सांधेदुखीसकट. आता तिचा साहेबही असणार. ती नोकरी मला हवीय, टकर. घरी बसून मी आर्लीनचे मसाल्याचे डबे नावाप्रमाणे लावले, मग रंगाप्रमाणे, आता ती मला स्वयंपाकघरात येऊ देत नाही. मला शेतकऱ्यांच्या ओट्यावर बसून पावसाची वाट बघायचीय, त्यांच्याबरोबर, बियाणं विकत. मला दुसरं काही येतच नाही. आणि साहेबानं विचारलं, एकतीस वर्षांनी नोकरी का सोडली, की मी काय बोलणार ते मला—

का उठलास? झालं नाही अजून. तुझे प्रश्न राहिले सगळे. ...इकडं कशाला येतोस? अरे, ही माझी खुर्ची आहे. ...मी तिकडं बसू? वेडा आहेस का, लोक काय म्हणतील. बाहेर पुढचा पोरगा थांबलाय. ...बरं. बरं बाबा. त्याला सांग, दहा मिनिटं. दार लावून घे.

ही खुर्ची इतकी बुटकी आहे? कुणी सांगितलं नाही मला कधी.

टोपी? ...हो, काढतो. ठेव तिथं टेबलावर. पाय बघू नकोस, बूट पुसायचे राहिलेत. थांब, आधी हात. साधा. बघ, करंगळी बाहेर आहे ना?

हां. मी व्हर्न टीडमन. मला नोकरीवरून काढलं.