धाकट्याचा माळ

इंदापूरच्या तहसील कचेरीत साक्षी सातबाऱ्यासाठी रांगेत उभी होती. पुढच्या दोघांचं बोलणं ऐकायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. पण वरकुट्याच्या हिंदुरावांचा आवाज दबणाऱ्यातला नव्हता, आणि त्यांच्याच गावच्या द्वारकाबाई खोदून खोदून विचारत होत्या.

"तुमच्या धाकल्या भावाच्या माळावर कंपनीनं ते पंखं कसलं वो बसवलं, आबा?"

"हवेतला कार्बनचा गॅस ओढून टाकीत कोंडत्यात म्हणं. घराएवढालं पंखं!"

"वाऱ्यावर फिरत्यात?"

"कुठलं! लाइटीवर, दिसरात. माझ्या मोटरीला आठ तास लाइट, त्यातबी झटकं. धाकल्याच्या माळाला येगळी लाइन, वर त्याला कंपनीचं भाडं!"

"पाणीबी लागत असंल."

"रोज टँकर येत्यात. गाळणीत अडकल्याला गॅस सोडवायला भट्टी हाय, तिला आनिक लाइट. एवढं खाऊन हवा धुती किती? माझा ऊस त्योच गॅस फुकट खातोय, त्याला इचारतंय कोण?"

"मग तुमच्या रानात का न्हाय बसवलं?"

"त्येंला खडकाळ, पडीक पायजे. माझी पडली काळी."

"तुमाला काळी आन् त्याला माळ? वाटणी केली कुनी?"

"मीच."

रांग एक पाऊल सरकली. साक्षी दोन पावलं सरकली.

"मग आज हितं कशापायी, आबा?"

"फेरवाटणीचा अर्ज द्यायचाय. काळं रान तू घे म्हणावं त्याला. थोरला हाय मी, द्वारकाबाई. त्याचं नुसकान किती दिस बघू?"