स्थळांची चाळणी

...नाही, चूक कोणाची ते नंतर ठरवू, आधी मला सांगा, निवृत्त माणसाने दिवसभर लग्नाच्या साइटवर बसावं का हो? तुम्हाला सांगते, खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत उभा जन्म काढला आमच्या बाबांनी, आणि आता माझ्यासाठी एकेक मुलगा उघडून तपासतायत! ऑफिसात फोन, 'भाग्यश्री, हा बघितलास? फोटोत जरा झोपलेला वाटतो, पण पॅकेज चांगलंय!' वैतागले, आणि लिहिली एक स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारा छोटा प्रोग्रॅम. साधीच हो! साइटवर नवीन नावं पडली की त्यांची फीड येते, म्हणजे नुसत्या मजकुराची पट्टी, नाव, जन्मतारीख, शिक्षण, उंची, गाव. स्क्रिप्टने ती रोज सकाळी चाळायची, अटीत बसेल तो मुलगा उचलायचा, बाबांना मेल करायचा. बाबा खूश!

पण अटी कोणी घातल्या? मी! आमोदच्या मापाने शिवल्या! आमोद म्हणजे... आमच्या हडपसरच्या ऑफिसातला, माझा... तर त्याचीच उंची, त्याचाच जन्ममहिना, त्याचंच कॉलेज, मूळ गाव वाई. दुसरा कोणी सापडायलाच नको! आणि आमोद कशाला साइटवर नाव घालतोय, मी असताना? 'योग्य वेळ आली की घरी सांगतो' म्हणालेला. दर दिवाळीला म्हणायचा!

इकडे बाबा रोज, 'आजही कोणी नाही? पुण्यातले मुलगे संपले की काय?' आई आतून, 'लेकीवर सोपवलंत ना, मग बसा आता!' मी म्हणायची, साधीच स्क्रिप्ट आहे हो, धीर धरा!

आणि परवा बाबांचा फोन. आवाज नुसता नाचतोय. 'आला! एकच आला, पण काय आला! सगळ्या अटी बसतात गं! आमोद नाव!'

...साधीच स्क्रिप्ट हो. सांगितलं तेवढं केलं बिचारीने.

समोरच्याच रांगेत बसलेला तो, कानात हेडफोन. गेले, विचारलं. म्हणतो, 'अगं, आईने घातलंय नाव... आणि आपलं तसं काही ठरलं कुठे होतं?'

कुठे होतं!

बरं, बाबा थांबतील? माझं 'नको' ऐकायच्या आत त्याच्या आईंना माझा फोटो पाठवून मोकळे! संध्याकाळी मी घरी आले तर बाबा खुर्चीत मोबाइल धरून बसलेले. म्हणाले, 'नकार आला. मुलगा म्हणतो, हिला ओळखतो, नको.' मग चष्मा काढून माझ्याकडे वळले. 'ओळखतो म्हणजे गं? किती ओळखतो?'

म्हटलं, चेहऱ्याने, बाबा. नुसतं चेहऱ्याने.