एक पाय आखूड

(धुळे. अन्वरचं जुन्या फर्निचरचं गोदाम. कुसुमलता आणि तिची सून विधी जळगावहून दिवाण बघायला आल्या आहेत.)

कुसुमलता : देशमुखांच्या वाड्यातला, शंभर वर्षांचा? आणि हे प्लसचे स्क्रू काय देशमुखांच्या पणजोबांना स्वप्नात दिसले होते?

अन्वर : अक्का, स्क्रू नंतर बदललेत. लाकूड बठ्ठं जुनं शे, सगळंच्या सगळं.

कुसुमलता : बघू. विधी, तो मोबाईल दे, उजेड पाड खाली. हे बघा अन्वरभाऊ, फळीच्या पोटाला गोल गोल रेघा दिसतात ना? मशीनची करवत आहे ती. हाताच्या करवतीची रेघ अशी वळत नाही. आणि ही किडीची भोकं एका ओळीत. कीड काय शाळेत जाते, रांगेत चालायला?

अन्वर : तुम्ही जाणकार दिसता.

कुसुमलता : चोपड्याला आमची लाकडाची वखार होती. सातपुड्यातलं सागवान उतरायचं दारात. हे लाकूड वासालासुद्धा सागवान नाही. चहाच्या पाण्यात बुडवून काळं केलंय. पाणी तरी साखरेचं नव्हतं ना, मुंग्या लागतील.

विधी : मम्मीजी, हळू बोला ना. मला लुक हवाय फक्त. नव्या हॉलमध्ये खिडकीखाली एक व्हिंटेज डे-बेड. पाहुण्यांची पहिली नजर त्यावरच गेली पाहिजे.

कुसुमलता : दिवाणाला डे-बेड म्हटलं की त्याला शिंगं फुटतात का? जेवण झालं की माणसानं कलंडायचं, तक्क्याला रेलायचं, म्हणून दिवाण. तुझ्या हॉलमध्ये कोण कलंडणार आहे?

विधी : त्यावर बसायचं नाही कुणी. तो डेकोरसाठी.

कुसुमलता : मग चित्र काढून लाव भिंतीला. झाडायला सोपं जाईल.

अन्वर : ताई, हा दुसरा बघा. वेताची जाळी, तिन्ही बाजूंनी कठडा. हा तर खास.

कुसुमलता : वेत आहे की प्लॅस्टिक? नख लावून बघ, विधी. लागलं? नाही ना? वेताला नख लागतं. आता एवढ्या लांब आलोच आहोत तर भाऊंकडे निदान चहा तरी खरा मिळतो का बघू.

विधी : अखिल म्हणतच होता, धुळ्याला जाऊच नका म्हणून. नाशिकला जाऊ म्हणाला, इथे सगळा डुप्लिकेट माल असतो. मीच हट्ट केला.

कुसुमलता : माझा मुलगा आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलला म्हणायचं.

विधी : आणि तो मागे काय आहे, ताडपत्रीखाली?

अन्वर : तो नका बघू ताई. तो खरा जुना आहे, पण हलतो. कितीतरी गिऱ्हाइकं आली, बसली, उठून गेली.

विधी : काढा तरी. अय्या, किती सुंदर आहे. मम्मीजी, या कठड्यावर बघा, केळीचं पान कोरलंय. थांबा, बसून बघते. हो, हलतो खरा.

कुसुमलता : कोणता पाय?

अन्वर : हा, डोक्याकडचा. बोटभर आखूड आहे. सुतारानं पिऊन काम केलं असेल.

कुसुमलता : सुतार शुद्धीत होता.

विधी : तुम्हाला काय माहीत?

कुसुमलता : ऊठ त्याच्यावरून. आमच्या जुन्या घरात त्या कोपऱ्यात फरशी वर आली होती. सुतार म्हणाला, बाकीच्या तीन पायांखाली लाकडाचे तुकडे देतो. तुझे सासरे म्हणाले, तुकड्यांवर उभ्या पलंगावर मी पाठ टेकणार नाही, तो एकच पाय काप. पाठीचं दुखणं होतं त्यांना. दुकानातून आले की ह्याच्यावरच. दुसऱ्या कुठल्या अंथरुणावर त्यांना झोप नव्हती.

विधी : पप्पाजींचा दिवाण? मी घरात कधी पाहिला नाही.

कुसुमलता : तू लग्न होऊन आलीस त्याआधीच दिला. बाराव्याला ब्राह्मणाला शय्या देतात ना. गेलेल्या माणसाचा पलंग, गादी, छत्री, चपला. इथे द्यायचं म्हणजे तिथे त्याला मिळतं. भडगावच्या गजानन गुरुजींना दिला. आणि त्या भटानं आणून विकला. मोहनलाल शेठची शय्या, आणि गुरुजींना भंगारवाला दिसला. दर अमावास्येला शिधा न्यायला येतो, तेव्हा नजर वर करत नाही. आता कळलं का ते. दक्षिणेला हात लांब आणि धर्म आखूड.

अन्वर : अक्का, ऐका. हा माल ब्राह्मणाकडचा नाही.

कुसुमलता : तुम्ही नका सांगू मला. चहात बुडवलेल्या लाकडाचे देशमुख केलेत तुम्ही.

अन्वर : ते धंद्याचं झालं, त्यात खोटं बोललो. ह्यात काय खोटं बोलू? हा मी स्वतः जळगावहून आणला. घराच्या मागच्या गल्लीत टेम्पो लावायला सांगितला होता. पोरगा तरणा होता, डोक्याचं नुकतंच मुंडण केलेलं. म्हणाला, लवकर उचला, बाराव्याच्या आत जाऊ द्या. मी विचारलं, घरात मौत झाली आणि सामान काढता? तर म्हणाला, एवढं सागवान भटाच्या घरात काय शोभणार.

विधी : नाव काय होतं त्याचं?

अन्वर : नाव कोण विचारतं, ताई. कानाखाली एवढा काळा डाग होता. जन्माचा असेल.

विधी : मम्मीजी.

कुसुमलता : ऐकलं मी.

विधी : तुम्ही बसा जरा. इथेच बसा.

कुसुमलता : त्याच्यावर नाही. दिलेल्या वस्तूवर आपण बसत नाही. बघ, अजून मी दिलेली म्हणते. दिलीच कुठे.

विधी : पण तुम्हाला दिसलं नाही, त्या दिवशी काय दिलं ते?

कुसुमलता : मी कोपरा धरून बसले होते. आमच्यात बाईनं बारा दिवस खोलीच्या बाहेर यायचं नाही. मी आतून विचारलं, अखिल, दिवाण दिला का? दिला म्हणाला. गादी नवी घातली का? घातली म्हणाला. रडत होता ग तो बोलताना. मला वाटलं बापासाठी रडतोय.

विधी : मग गुरुजींना काय दिलं?

कुसुमलता : गुरुजी पहिल्या अमावास्येला म्हणाले होते, अक्का, खाट पोचली. खाट म्हणाले. मी म्हटलं, भडगावकडे दिवाणाला खाट म्हणत असतील. दुकानाच्या माळ्यावर हमालांची लोखंडी खाट होती, पट्ट्या तुटलेली. नंतर दिसेना. विचारलं तर म्हणे भंगारात घातली. भंगारातच घातली म्हणायची, गुरुजींच्या दारात. आणि मी त्या गरीब माणसाला आत्ता काय काय बोलले.

विधी : मला खरंच माहीत नव्हतं, मम्मीजी.

कुसुमलता : तुला कसं असेल. तुला लुक हवा होता. अन्वरभाऊ, टेम्पो आहे ना?

अन्वर : आहे. जळगावला पोचवू?

कुसुमलता : भडगावला. विधी, पैसे दे. तुझ्या नवऱ्याच्या कार्डावरून दे.

विधी : देते. पण अखिलला काय सांगू? खिडकीखाली काय ठेवणार विचारलं तर?

कुसुमलता : सांग, जागा मोकळी राहू दे. उद्या त्याच्या शय्येचं त्याचा मुलगा बघेल. बापाचा धंदा शिकलास म्हणावं सगळा, पण हे एवढं एक पोराला शिकवू नको.

अन्वर : अक्का, एक करतो. बाकीचे तीन पाय बोटभर कापून देतो. त्याचे पैसे नाही घेणार. मग कुठेच हलणार नाही.

कुसुमलता : हात लावू नका. एवढी वर्षं तिथे वर लोखंडावर पडून त्यांची पाठ गेली असेल. आता बघितल्याबरोबर आपला म्हणून ओळखता आला पाहिजे त्यांना.