मागच्या सीटवरून

सफाक्स शहरात लुत्फीच्या गॅरेजात मी पंक्चर निघायची वाट बघत होतो. शेजारी एक म्हातारं जोडपं आपली मोटरसायकल दाखवत होतं.

“लुत्फी, हिला डायलिसिसला याच गाडीवर नेतो. पण गाडी इतकी थरथरते, की हिचा सुया टोचलेला हात ठणकायला लागतो.”

“इंजिनाचे नट आवळून बघू का, मुंजीकाका?”

“इंजिन नाही रे, बाळा. उभी असताना गाडी शांत असते. मिठागरांच्या रस्त्यावर वेग घेतला, की बुडाखाली सुरू होतं. यांनी क्लच दाबला तरी थांबत नाही.”

“तुला काय कळतं गं त्यातलं, वसीला?”

“बत्तीस वर्षं मागे बसतेय. तुम्हाला कळलं का?”

लुत्फीने मागचं चाक उचलून फिरवलं.

“मावशींचं बरोबर आहे. टायरला फुगवटा आलाय.”

“बदल लगेच. आणि वसीला, उद्यापासून आपण टॅक्सीने जाऊ.”

“टॅक्सी नको.”

“आरामात बसशील की.”

“तुम्ही पुढे बसून ड्रायव्हरशी गप्पा ठोकणार. मी धरू कुणाला?”

काका बराच वेळ चष्मा पुसत राहिले. नवा टायर बसल्यावर दोघं मिठागरांपर्यंत चक्कर मारून आली. घरी निघताना काकांनी गाडीवरूनच मागे वळून विचारलं,

“थरथरली का?”

“अजिबात नाही.”

“मग आता तरी कमरेचा हात सैल कर.”

“करते हं! तुम्ही मुकाट्याने गाडी चालवा.”