नेट लागतच नाई त्याले

नाई, तुमीच सांगा राजेहो, एकच गोष्ट मानसानं किती डाव सांगाव? नेट लागतच नाई त्याले! मराठीत सांगितलं, उर्दूत सांगितलं, आता काय डफडं वाजवून सांगू?

मी फुरकान, अंजनगावात कंप्युटर दुरुस्तीचं दुकान, लोकायचे मेलेले डबे जिते करतो, मले काय गरज पडली होती समाजसेवेची? पन बहीन माही निखत, चिखलदऱ्याच्या पायथ्याशी शाळेत मास्तरीन, थे रडे. म्हने भाईजान, इग्यानाले मास्तर नाई, डोंगराच्या आडोशानं टॉवर लागत नाई, अन् नत्थुजीच्या चंदाले नर्स व्हाचं हाय... बाप म्हन्ते दहावी निंघाली त शिकवतो, नाई त लगन. त्याची त कपाशीच बोंडअळीनं खाल्ली, थो तरी काय करन?

मंग काय, जुना कंप्युटर घेतला अन् बसलो. त्याले शिकवलं का बाबू, आता तूच टॉवर अन् तूच मास्तर! इग्यानाचे सारे धडे त्याच्या पोटात भरले. मोबाईलवर त्याचंच 'शाळा' नावाचं वायफाय पकडा, धडा उघडा, पाहा. मशीन घडीघडी रुसे, कसम से, म्या तिच्या सात पिढ्या काढल्या, पन चालली.

शाळेत ठेवली, अन् आलं न गाव! पोट्टे म्हनत, भाऊ क्रिकेट लागून नाई राहिलं. सरपंच खुशालराव मोबाईल वर धरून पटांगनात फिरे, नत्थुजीले कापसाचा भाव पाहाचा. अरे बाप्पा, नेट लागतच नाई त्याले! त म्हने, मंग वायफाय कायचं, बिना बैलाची बंडी?

चंदा मातर व्हरांड्यात बसे, उजेड भिंगातून कसा वाकते थे पाहे, मागं जाये, पुन्ना पाहे. मले इतकं बरं वाटे!

अन् आले तपासनीवाले साहेब. मोबाईल जोडला, त्याच्यावर आलं 'इंटरनेट नाही'. म्हने, बंद आहे. म्या म्हटलं साहेब, धडा त उघडून पाहा. थे म्हने, आधी नेट चालू करा, मग बघू. नेट लागतच नाई त्याले, साहेब! ऐकते थोडीच? बंद मशीन शाळेत ठेवता येत नाही म्हने, अन् जीपमंधी टाकून नेली. उजेड अर्धाच वाकला होता राजेहो, पोट्टी पाहातच राहिली.

साहेबाच्या हापिसात लय चकरा मारल्या. साहेब नाई, बाबू जेवाले गेला, उद्या या... एक दिवस जातो त काय, माही मशीन टेबलावर चालू, अन् सारं हापिस मोबाईलमंधी मुंडकं घालून माहे धडे पाहून राहिलं! तिथलं नेट बंद पडलं होतं न! साहेब मले म्हन्ते, "अहो, हे तर नेटशिवाय चालतं की!"

तोंडावर आलेल्या शिव्या गिळल्या. हो साहेब म्हटलं, मशीन उचलली, शाळेत नेऊन जोडली. पन चंदा कुठं हाय? मशीन गेली, इग्यान शिकवनारं कोनी नाई, मंग शाळा कायले, म्हनून बापानं पोरगी शाळेतून काढून घेतली. वैशाखात लगन. नत्थुजीनं माह्या हातात पत्रिका देल्ली, अन् हळूच म्हने,

"भाऊ, मांडवात लावसान का तुमचं थे वायफाय? पाव्हन्यायले नेट पायजे."

लावतो म्हटलं.